गुरगुरण्याची कार्डं

ट्रेनर: म्हणजे चावायच्या आधी त्याने काहीच केलं नाही?

काका: काहीही नाही. भुंकला नाही, गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. मी मागच्या खोलीत गादी गुंडाळत होतो, हा पलंगाखाली पडलेला. आणि एकदम हात धरला. पाच टाके पडले. आज अकरावा दिवस.

ट्रेनर: टाके काढले?

काका: काल काढले. मूठ अजून पुरती मिटत नाही. मी वाचनालयात ग्रंथपाल आहे, शिक्के मारायचे असतात. ते डाव्या हाताने चाललंय. सगळे तिरके पडतात. वाचक हसतात.

ट्रेनर: त्याची इंजेक्शनं झालीत?

काका: दर वर्षीची, वेळच्या वेळी. मीही घेतली. डॉक्टरांनी त्याला तपासलं, कान, दात, कंबर, सगळं ठीक. दुखणं काही नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, ताई. डॉक्टर म्हणाले, हा स्वभावाचा प्रश्न आहे, ट्रेनरला दाखवा.

ट्रेनर: वय काय?

काका: नऊ.

ट्रेनर: आणि साहेब हे नाव कुणी ठेवलं?

काकू: आईने.

काका: हिच्या आईने. त्या आमच्याकडेच होत्या. शेवटची चार वर्षं अंथरुणावर. कुत्रा त्यांचाच, येताना घेऊन आल्या.

काकू: दिवसभर लोळायचं आणि जेवण जागेवर. म्हणून साहेब.

ट्रेनर: बरोबर ठेवलंय. आई कधी गेल्या?

काका: तीन महिने झाले. त्यानंतरच हे सुरू झालं. त्या खोलीतून बाहेर यायचं नाव नाही. कुणी आत गेलं की गुरगुर. दाराची चौकट कुरतडली. एकदा तर पलंगाच्या पायाशी घाण केली, नऊ वर्षांत कधी केली नव्हती. माझ्याकडे सगळी नोंद आहे. थांबा, खणातच आहे.

ट्रेनर: हे काय, कार्डं?

काका: वाचनालयात सगळी सूची कॉम्प्युटरवर गेली तेव्हा ही कोरी कार्डं गठ्ठ्याने उरली. फेकवेनात. घरी आणली. प्रत्येक घटनेला एक कार्ड. वर तारीख, खाली वेळ, ठिकाण, प्रकार.

ट्रेनर: "सकाळी सात दहा. मागची खोली. केर काढताना. गुरगुर, मध्यम." मध्यम म्हणजे?

काका: तीन वर्ग केलेत. सौम्य, मध्यम, तीव्र. कुरतडणं आणि घाण "इतर"मध्ये. तारखेप्रमाणे लावलीयत, उलटसुलट करू नका.

ट्रेनर: नाही करत. काका, मी पंधरा वर्षं घरोघरी जाऊन सांगतेय, लिहून ठेवा, लिहून ठेवा. कुणी ठेवत नाही. विचारलं की म्हणतात, अहो तो ना सारखंच करतो. तुम्ही पहिलेच.

काका: सवय आहे.

ट्रेनर: सुरुवातीला रोज दोन-तीन कार्डं. मग रोज एक. मग दिवसाआड. आणि हे शेवटचं गुरगुरण्याचं?

काका: मागच्या महिन्याची एकोणीस. सौम्य. त्यानंतर एकही नाही. पुढचं कार्ड थेट चावल्याचं.

ट्रेनर: गुरगुरणं थांबलं कसं?

काका: मी थांबवलं. सहा आठवडे लागले.

ट्रेनर: मारलंत?

काका: छे. मी आयुष्यात कुणाला हात लावलेला नाही. पेन्सिल वाजवायची. वाचनालयात आमची तीच पद्धत. कुणी बोलायला लागलं की ओरडायचं नाही, टेबलावर दोनदा पेन्सिल. टक, टक. एकतीस वर्षं. कॉलेजची टवाळ पोरंसुद्धा चिडीचूप होतात. तर हा गुरगुरला की मी टक, टक. गप्प बसला तर ठीक. नाही बसला तर मान धरून मोरीत, पंधरा मिनिटं, दार लावून. पाच-सहा वेळा मोरी झाली. मग पेन्सिलच पुरायला लागली.

ट्रेनर: हं.

काका: तुम्ही हं म्हणालात म्हणजे काहीतरी चुकलं.

ट्रेनर: सांगते. आधी मला हे सांगा, तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय? फोनवर चिठ्ठी म्हणालात.

काका: हो. आमचे बायंडर आहेत, वाचनालयाची पुस्तकं बांधतात. गावाबाहेर त्यांचं घर आहे, मागे मोकळी जागा. त्यांना कुत्रा हवाय राखणीला. रविवारी सकाळी नऊ वाजता टेम्पो घेऊन येतायत. फक्त त्यांची सून म्हणाली, चावरा नाही ना, असं कुणा जाणकाराकडून लिहून आणा. म्हणून तुमची चिठ्ठी.

ट्रेनर: आज शुक्रवार.

काका: म्हणूनच घाई.

ट्रेनर: त्यांच्या घरी लहान मुलं आहेत?

काका: दोन नातवंडं. एक शाळेत जातं, एक रांगतं.

ट्रेनर: काकू, तुमचं काय म्हणणं आहे?

काकू: कशाबद्दल?

ट्रेनर: साहेबांना पाठवायचं ठरलंय त्याबद्दल.

काकू: चालेल.

ट्रेनर: तुम्हाला चालेल?

काकू: हो. चालेल.

काका: ही हल्ली सगळ्याला चालेल म्हणते. भाजी कुठली आणू, चालेल. रंग कुठला द्यायचा, चालेल. मी म्हटलं, कुत्रा द्यायचा का, चालेल.

ट्रेनर: बरं. काका, रागावू नका. चिठ्ठी मी देणार नाही.

काका: का?

ट्रेनर: कारण तुमचा कुत्रा आज जितका धोकादायक आहे तितका तीन महिन्यांपूर्वी नव्हता, आणि ते या कार्डांतच लिहिलंय. तुम्ही चोख लिहिलंत, फक्त उलटं वाचलंत. तुम्ही गुरगुरण्याला गुन्हा धरलंत. गुरगुरणं म्हणजे तो सांगत होता, मला भीती वाटतेय, जरा लांब राहा. कुत्र्याला दुसरी भाषा कुठून येणार? आधी तो सौम्य सांगायचा. ऐकलं नाही की मध्यम. तरी नाही, मग तीव्र. तुमचेच वर्ग आहेत.

काका: आणि चौथा वर्ग चावणं.

ट्रेनर: बरोबर. चावण्याच्या आधीचे तीन तुम्ही पुसून टाकलेत. भीती गेली नाही, ती होती तिथेच आहे. वाचनालयात आगीची घंटा असते ना? ती सारखी वाजते म्हणून तुम्ही तार कापलीत.

काका: पण शांत झाला होता तो. घरात किती शांत होतं.

ट्रेनर: शांत झाला नव्हता. गप्प झाला होता. आणि असा गप्प कुत्रा मी रांगतं मूल असलेल्या घरात पाठवू? ते मूल जाईल पलंगाखाली चेंडू काढायला.

काका: मग काय करायचं? डॉक्टरांनी दुसराही मार्ग सांगितलाय. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा. म्हणाले, नऊ वर्षांचा झालाय, कुणी घेतलं नाही तर विचार करा. मला ते नकोय, पण मला घरात ठेवणंही जमणार नाही. मला भीती वाटते, ताई. सकाळी चहा करायला उठलो की आधी तो कुठे आहे ते बघतो. स्वतःच्या घरात भिंतीला धरून चालतो.

ट्रेनर: हे बरं झालं सांगितलंत. आता मला कळलं तुम्हाला कुठे उभं करायचं नाही ते. त्यानेही भीती वाटते असं सांगावं, मला एवढंच हवंय.

काका: म्हणजे?

ट्रेनर: चला मागच्या खोलीत. तुम्ही दाराबाहेरच थांबा. काकू, तुम्ही पण या.

काकू: मी बसते इथेच.

ट्रेनर: या ना. त्याला जेवायला कोण देतं?

काकू: मीच देते.

ट्रेनर: मग तुम्ही हव्याच.

काकू: चालेल.

काका: जपून. तो पलंगाखाली आहे, भिंतीच्या बाजूला. दिवा लावू?

ट्रेनर: नको, खिडकीतून येतोय उजेड. मी इथे पाठमोरी बसते, जमिनीवर. त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. लोक हात हुंगायला देतात, कुणी शिकवलंय कोण जाणे. अनोळखी माणसाने तुमच्या तोंडापुढे हात धरला तर तुम्हाला आवडेल? ही माझी करंगळी बघा, टोक नाही. पहिल्याच वर्षी, असाच प्रेमाने हात पुढे केला होता. पलंगावर नुसत्या फळ्या का?

काका: गादी माळ्यावर टाकलीय. त्याच दिवशी. हात बांधला आणि मग टाकली.

ट्रेनर: एका हाताने?

काका: काम अर्धं राहिलं होतं.

ट्रेनर: हं. आता काका, तुम्ही एक पाऊल आत या. एकच. बास. थांबा. दिसलं का काही?

काका: काही नाही. पडलाय.

ट्रेनर: काकू?

काकू: तोंड फिरवलं त्याने.

ट्रेनर: शाबास. अजून एक पाऊल, काका. तुमच्यात नि त्याच्यात अजून दहा फूट आहेत, घाबरू नका. आता?

काकू: आता नाक चाटेल.

काका: चाटलं. भूक लागली असेल.

ट्रेनर: भूक नाही. समोर ताटली नसताना नाक चाटतोय म्हणजे त्याला अवघडल्यासारखं झालंय. बघा, जांभई दिली. ती पण झोपेची नाही. काकू, तुम्हाला आधीच कसं कळलं?

काकू: तसंच करतो तो. आधी तोंड फिरवतो, मग नाक चाटतो, मग जांभई. मग कान मागे जातात.

ट्रेनर: आणि मग?

काकू: मग थिजतो. डोळ्याचा पांढरा भाग दिसतो कडेने.

ट्रेनर: माझ्या विद्यार्थ्यांना हे ओळखायला सहा महिने लागतात. कुठे शिकलात?

काकू: चार वर्षं रोज या खोलीत होते. आईला कुशीवर वळवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. तिला दुखायचं. ती कण्हली की हा खालून गुरगुरायचा. आणि आई म्हणायची—

ट्रेनर: काका, मागे या, तो आता बोलतोय. ऐकू येतंय का? बारीक आहे, घशातल्या घशात. चांगलं आहे हे, फार चांगलं—

(पेन्सिल दाराच्या चौकटीवर दोनदा वाजते.)

ट्रेनर: काका.

काका: हात आपोआप गेला. खिशातच असते.

ट्रेनर: महिन्याभरानंतर बिचाऱ्याने तोंड उघडलं होतं.

काका: मी मुद्दाम नाही केलं.

ट्रेनर: माहीत आहे. बघा आता त्याच्याकडे. एकदम गप्प. पण कान? मागेच. अंग? लाकडासारखं. या क्षणाला मी हात घातला तर माझी दुसरी करंगळी जाईल. चला, सगळे मागे, सावकाश. त्याला पाठ दिसली की बरं वाटेल. आता दार अर्धं उघडं राहू द्या. काकू, तुम्ही काहीतरी सांगत होतात. आई म्हणायची, काय म्हणायची?

काकू: काही नाही.

ट्रेनर: सांगत होतात मघाशी.

काकू: विसरले.

ट्रेनर: पेन्सिल वाजली तेव्हा विसरलात.

काका: ताई, विषय कुत्र्याचा आहे.

ट्रेनर: हो, कुत्र्याचाच. मी दुसऱ्या कशात पडत नाही. फक्त पेन्सिल वाजली तेव्हा खोलीतले दोन जण गप्प झाले, एवढं मला दिसलं. मला बघायची सवय आहे, पोटाचा धंदाच आहे तो. बसू या का बाहेर? पाणी मिळेल?

काकू: आणते.

काका: तुम्ही तिच्यासमोर असं बोलायला नको होतं. ती आधीच कशीतरी झालीय. आई गेल्यापासून.

ट्रेनर: रडल्या?

काका: पहिले दोन-चार दिवस. मग सावरली. लवकर सावरली, सगळे म्हणाले.

काकू: पाणी. आई त्याला विचारायची.

ट्रेनर: काय?

काकू: तो गुरगुरला की आई विचारायची, काय झालं साहेब, कोण आलं? मग स्वतःच सांगायची. लेक आलीय माझी, अंग पुसायला आलीय, पुसून झालं की जाईल. तो ऐकायचा. थोडं गुरगुरायचा अजून, मग थांबायचा. चार वर्षांत कुणाला चावला नाही. नर्स यायची तिलाही नाही.

ट्रेनर: बघा. आईंनी कुठला कोर्स केला होता?

काकू: चौथी शिकली होती.

ट्रेनर: तर काका, चिठ्ठी नाही, पण तुम्ही नोंद ठेवणारे आहात, तर हे लिहून घ्या. डाव्या हाताने चालेल. एक म्हणजे, पेन्सिल या घरात बंद. वाचनालयात खुशाल वाजवा. गुरगुरला की एक पाऊल मागे यायचं आणि मनात म्हणायचं, कळलं. बास. तो डोक्यावर बसेल असं सगळ्यांना वाटतं, बसत नाही. ऐकतात म्हटल्यावर त्याचाच आवाज बारीक होतो.

काका: मागे यायचं. पुढे?

ट्रेनर: तो पलंगाखाली असताना तुम्ही खोलीत जायचंच नाही. केर काढायचा असेल तर काकू त्याला आधी बाहेर बोलावतील, काहीतरी चांगलं खायला देऊन. ओढून काढायचं नाही. बाहेर आला, खायला लागला, मग तुम्ही आत. तुम्ही दिसलात की खाऊ मिळतो, एवढं त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. तुम्ही लांबून टाकायचा, हातातून द्यायचा नाही. सकाळी त्याला फिरवतं कोण?

काका: मी न्यायचो. कोपऱ्यापर्यंत, सात मिनिटं.

ट्रेनर: सात मिनिटं म्हणजे हजेरी लावून परत. अर्धा तास पाहिजे, आणि त्याच्या चालीने. त्याला खांब हुंगायचा असेल तर पाच मिनिटं खांबापाशी उभं राहायचं. तुम्ही पेपर वाचता तसं आहे ते, कुणी हातातून ओढून घेतला तर कसं वाटेल? आणि काकूंनी न्यायचं. तोंडाला जाळी लावून, मी देते जाळी, सवय कशी करायची ते दाखवते.

काकू: मी बाहेर जात नाही फारशी.

ट्रेनर: तोच तुम्हाला नेईल. तुम्ही नुसतं मागे चाला.

काका: किती दिवस लागतील?

ट्रेनर: दिवस नाही, महिने. चार, सहा. आणि पूर्वीसारखा होईल असं मी लिहून देणार नाही. ज्याच्या पायाशी नऊ वर्षं झोपला ते माणूस एक दिवस उठून गेलं, उरलेल्या गादीचा वास होता, तोही कुणीतरी गुंडाळायला लागलं. मीही चावले असते.

काका: आणि जमलं नाही तर?

ट्रेनर: जमलं नाही तर मला सांगा. मी माझ्या ओळखीत बघेन, मुलं नसलेलं घर, कुत्रा समजणारं माणूस. पण रविवारी टेम्पोत नाही. आणि इंजेक्शन तर नाहीच, तो आजारी नाहीये. पण ठेवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. दोघांनी, काका. एकाने ठरवून दुसऱ्याने चालेल म्हणायचं नाही. येते मी. जाळी उद्या आणून देते, लागली तर.

काकू: चप्पल अंधारात आहे तुमची, दिवा लावते जिन्यातला.

ट्रेनर: दिसतेय. बसा तुम्ही.

काका: गेल्या. चिठ्ठी काही दिली नाही.

काकू: हं.

काका: बायंडरला आता काय सांगू? त्याने टेम्पोवाल्याला सांगूनही ठेवलंय.

काकू: तुम्ही ठरवा.

काका: त्या म्हणाल्या, दोघांनी ठरवा.

काकू: मला काही सुचत नाही.

काका: सुचायला कशाला पाहिजे. हो किंवा नाही. मी विचारतोय तुला. पाठवायचं का साहेबाला?

काकू: मला दिसलं होतं.

काका: काय दिसलं होतं?

काकू: त्या दिवशी. मी दारात होते, टॉवेलांच्या घड्या होत्या हातात. तुम्ही गादीचं टोक उचललंत तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मग नाक चाटलं. तुम्ही गुडघा टेकलात पलंगावर, तेव्हा कान मागे गेले. मग थिजला. मला कळलं, आता हा धरणार.

काका: तुला आधी कळलं होतं?

काकू: हो.

काका: किती आधी?

काकू: बराच वेळ होता. जपून म्हणायला पुरला असता. दोनदा म्हणता आलं असतं.

काका: घाबरलीस का? तोंडातून शब्द फुटला नाही, असं?

काकू: नाही. घाबरले असते तर बरं झालं असतं. मी बघत होते नुसती. धरू दे, असं पण नाही वाटलं. काहीच वाटलं नाही. रक्त आलं तेव्हा फडकं आणायला गेले, तर कपाटापुढे उभी राहून विचार करत होते, चांगलं घ्यावं की जुनं.

काका: जुनं आणलंस.

काकू: हो. जुनं आणलं.

काका: अकरा दिवस मी सगळ्यांना सांगतोय की त्याने काही कळू दिलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, बायंडरला सांगितलं. कार्डावर लिहिलं, पूर्वसूचना नाही. तू ऐकत होतीस शेजारी बसून.

काकू: ऐकत होते.

काका: आणि मी उद्या त्याला इंजेक्शन दिलं असतं तरी?

काकू: चालेल म्हटलं असतं. म्हणून सांगतेय.

काका: मी गादी कुणासाठी काढत होतो? तुझ्यासाठीच ना. रोज दुपारी जाऊन बसायचीस तिच्यावर. दोन-दोन तास. मी जेवायला घरी यायचो तर तू तिथे, दार लोटलेलं. मला बघवत नव्हतं.

काकू: मग बघायचं नव्हतं.

काका: काय?

काकू: बघवत नव्हतं तर बघायचं नव्हतं. मला विचारायचं तरी. माझ्या आईची गादी होती. तिला एक वास होता, तेलाचा, औषधाचा, तिचा. मी तो घ्यायला बसत होते तिथे. हा खाली, मी वर. आम्ही कुणाला त्रास देत नव्हतो.

काका: हे तू कधी बोलली नाहीस.

काकू: कधी बोलणार? आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडत होते. बाहेर तुमच्या वाचनालयाचे लोक बसले होते भेटायला आलेले. तुम्ही टेबलावर पेन्सिल वाजवलीत.

काका: मी?

काकू: दोनदा.

काका: मला आठवत नाही.

काकू: तुम्हाला कसं आठवेल, तुमचा हात आपोआप जातो. मी गप्प झाले. लोक गेल्यावर म्हटलं, आता रडावं. आलं नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मोरीत नळ सोडून बसून पाहिलं. पाणी नुसतं वाहून गेलं. तेव्हापासून असंच आहे. जेवते, झोपते, कुणी विचारलं तर सांगते. आत काही हलत नाही.

काका: तीन महिने?

काकू: तीन महिने.

काका: मला वाटलं तू सावरलीस. मी सगळ्यांना सांगायचो, ही फार धीराची आहे.

काकू: ऐकलंय मी ते.

काका: एकतीस वर्षं ती पेन्सिल वाजवली की समोरचं माणूस गप्प बसतं. पुढे त्याचं काय होतं हे मी कधी बघितलंच नाही. ती माणसं उठून घरी जातात. तू इथेच होतीस.

काकू: आता त्याचं काय. बायंडरांचा नंबर द्या, मी फोन करते.

काका: काय सांगणार?

काकू: साहेब कुठे जात नाहीत म्हणून.

काका: मला खरंच भीती वाटते गं त्याची.

काकू: तुम्ही त्या खोलीत जाऊ नका. मी जाईन. मला नाही वाटत त्याची भीती. आणि गादी खाली काढायची आहे माळ्यावरून.

काका: काढतो.

काकू: एकट्याने नाही. मी शिडी धरते. आधी हात दाखवा.

काका: कशाला? टाके निघाले काल.

काकू: मी नीट बघितलाच नाही अजून. उजेडात या. हा एवढा मोठा आहे व्रण? इकडे पण लागलेत दात?

काका: चार इथे, एक अंगठ्याखाली.

काकू: दुखतंय?

काका: नाही, तसं काही... हो. दुखतंय.